वाइगा टुइगामाला : दोन रग्बींचा खेळाडू

रग्बी या नांवाचा खेळ एक नसून दोन आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मुंबईस आझाद मैदानाला लागून असलेल्या जिमखान्याच्या पटांगणावर, पावसाळ्याच्या दिवसांत, चिखलानें माखलेले तरुण एका लांबट चेंडूमागें धांवतांना पुष्कळांनीं पाहिले असतील. तो झाला रग्बी युनियन. त्याचा एक धाकटा भाऊ आहे, आणि या भावाला थोरल्यानें पुरीं शंभर वर्षें घराची पायरी चढूं दिली नाहीं. त्या धाकट्या भावाचें नांव रग्बी लीग. सामोआ बेटांत जन्मलेल्या वाइगा टुइगामाला या खेळाडूचें आयुष्य या दोन भावांच्या भांडणांत सांपडलें. आणि केवळ दोन खेळांतच नव्हे, तर दोन देशांच्या ओढींतही तें वांटलें गेलें.

भांडणाचें मूळ पैशांत होतें, हें निराळें सांगावयास नको. इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशर आणि लँकेशर या भागांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बी खेळणारे लोक म्हणजे कोळशाच्या खाणींतले आणि कापडाच्या गिरण्यांतले कामगार. सामना असे शनिवारीं, आणि शनिवार तर कामाचा दिवस. सामन्यासाठीं खाडा केला म्हणजे मजुरी बुडे, आणि हातापायाला दुखापत झाली तर पुढच्या आठवड्याची चूलही विझे. तेव्हां खाड्याच्या दिवसाची भरपाई म्हणून खेळाडूस सहा शिलिंग द्यावे, असें उत्तरेच्या क्लबांचें म्हणणें पडलें. लंडनकडील मंडळींस हें रुचलें नाहीं. सद्गृहस्थानें खेळावें तें हौसेनें, असा त्यांचा बाणा होता. ज्याच्या घरीं हौसेची सोय आहे त्यास हा बाणा शोभून दिसतो, एवढेंच त्यावर म्हणतां येईल. २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं वेगळी चूल मांडली.

वेगळें झाल्यावर त्यांनीं खेळही बदलला. पैसे मोजून येणाऱ्या प्रेक्षकास धांवाधांव पाहावयाची असते; ढिगाऱ्याखालीं दडलेला चेंडू शोधण्यांत त्याला गोडी नसते. म्हणून पंधरांचे तेरा गडी झाले, आणि सीमेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मध्यें उंच फेंकण्याची पद्धत बंद झाली. युनियनमध्यें गडी पकडला गेला कीं त्याच्यावर दोन्ही पक्षांची झुंबड उडते आणि चेंडू ज्याच्या हातीं लागेल त्याचा. लीगमध्यें तसें नाहीं. पकडलेला गडी उठून उभा राहतो, टांचेनें चेंडू मागें सरकवतो आणि खेळ पुन्हां सुरू होतो. अशा सहा पकडी झाल्या म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावयाचा. हुतुतूच्या खेळांत एका पक्षाची चढाई संपते आणि मग दुसऱ्याची पाळी येते, त्याची आठवण यावी असा हा प्रकार. विरुद्ध बाजूच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविणें, ज्याला ट्राय म्हणतात, तें मात्र दोन्ही खेळांत सारखेंच. युनियनमध्यें त्याचे आतां पांच गुण मिळतात आणि लीगमध्यें चार.

युनियनचा कायदा मोठा कडक होता. ज्यानें लीगचा पैसा घेतला तो खेळाडू युनियनला जन्माचा मुकला. कित्येक ठिकाणीं त्याला आपल्या जुन्या क्लबाच्या इमारतींत पाऊल टाकण्याचीही चोरी असे. ज्याच्या खेळावर कालपर्यंत गांव जीव टाकीत होता, त्याचें नांव दुसऱ्या दिवसापासून काढावयाचें नाहीं! धर्म बदलणाऱ्यास एके काळीं जें भोगावें लागे त्याहून हें फारसें निराळें नव्हतें.

आतां सामोआकडे वळूं. प्रशांत महासागरांत, न्यूझीलंडच्या ईशान्येस सुमारें तीन हजार किलोमीटरांवर हीं बेटें आहेत. त्यांचा पश्चिम भाग प्रथम जर्मनांच्या हातीं होता. १९१४ मध्यें तो न्यूझीलंडनें घेतला, आणि १ जानेवारी १९६२ रोजीं तो स्वतंत्र झाला. त्याचें नांव पश्चिम सामोआ. पुढें १९९७ मध्यें नुसतें सामोआ झालें. रग्बी तेथें नेला तो मॅरिस्ट पंथाच्या शिक्षक-बंधूंनीं. १९२४ मध्यें आपिया येथें सामोआचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना फिजीशीं झाला. तो सकाळीं सातला सुरू करावा लागला, कारण सामना आटोपून गड्यांना कामावर जावयाचें होतें. आणि मैदानाच्या मधोमध एक मोठें झाड उभें होतें, असें सांगतात. झाडाला वळसा घालून रग्बी खेळणाऱ्या या लोकांनीं पुढें जगाला जे खेळाडू पुरविले, त्यांची संख्या त्या देशाच्या लोकसंख्येच्या मानानें पाहिली तर विलक्षण आहे. परंतु पुरविले ते बहुधा दुसऱ्यांच्या संघांना. १९८७ सालीं रग्बी युनियनचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हां पश्चिम सामोआला आमंत्रणसुद्धां आलें नाहीं.

याचें कारण स्थलांतरांत आहे. १९५० नंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते आणि बेटांवरच्या लोकांना पगार हवा होता. ऑकलंड शहराच्या कांहीं वस्त्या बघतां बघतां सामोअन झाल्या. आठवड्याचा पगार हातांत पडला कीं त्यांतला कांहीं भाग बेटावर राहिलेल्या आईबापांकडे, कांहीं प्रार्थनामंदिराकडे, कांहीं कोणाच्या लग्नाकडे अथवा मयताकडे जावयाचा. एकत्र कुटुंबाचा हा जमाखर्च मराठी घरांस समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. सामोअन खेळाडूनें पैशासाठीं देश सोडला, असें कोणी म्हणूं लागला म्हणजे हा जमाखर्च अगोदर पाहिला पाहिजे.

वाइगा टुइगामालाचा जन्म ४ सप्टेंबर १९६९ रोजीं उपोलू बेटावरील फालेआसिऊ गांवीं झाला. तो लहान असतांनाच हें कुटुंब ऑकलंडला आलें. केल्स्टन येथील मुलांच्या हायस्कुलांत तो शिकला आणि पॉन्सनबी या जुन्या, नामांकित क्लबाकडून खेळूं लागला. शरीराची ठेवण पाहावी तर ती आघाडीच्या रेटारेटींत उभें राहणाऱ्या गड्याची : उंची बेताचीच, वजन मात्र सुमारें एकशेंदहा किलो, मांड्या खांबासारख्या. असा माणूस विंगवर, म्हणजे मैदानाच्या अगदीं कडेला, जेथें हडकुळे आणि चपळ गडी ठेवण्याची रीत होती तेथें उभा राही. चेंडू हातीं आला कीं तो प्रतिपक्षाच्या गड्याला चुकवून जाण्याची फारशी खटपट करीत नसे. सरळ त्याच्या अंगावरून जाई. प्रेक्षकांनीं त्याला ‘इंगा द विंगर’ असें यमक जुळवून नांव दिलें, आणि तेंच रूढ झालें. पुढें जोना लोमूनें साऱ्या जगाला थक्क केलें तें याच जागीं आणि याच तऱ्हेनें. परंतु ती तऱ्हा टुइगामालानें आधीं दाखविली होती, हें विसरतां कामा नये.

१९८९ मध्यें, विसाव्या वर्षीं, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाबरोबर तो परदेशीं दौऱ्यावर गेला. या संघाला ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणतात. काळा सदरा, काळी विजार. त्या देशांत या काळ्या सदऱ्याचें जें माहात्म्य आहे तें शब्दांनीं सांगणें कठीण. १९९१ च्या विश्वचषकांत टुइगामालानें आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना अमेरिकेशीं खेळला. तारीख होती ८ ऑक्टोबर. या तारखेला महत्त्व आहे तें आदल्या दोन दिवसांमुळें. ६ ऑक्टोबर रोजीं कार्डिफ येथें, प्रथमच विश्वचषकांत आलेल्या पश्चिम सामोआनें वेल्ससारख्या रग्बीवेड्या राष्ट्राला १६ विरुद्ध १३ गुणांनीं हरवून खळबळ उडविली होती. ज्या बेटावर टुइगामाला जन्मला तेथें आनंदाला पारावार उरला नव्हता, आणि तो स्वतः त्याच आठवड्यांत दुसऱ्या देशाचा सदरा पहिल्यानें अंगांत घालीत होता. त्याला कोणीं दोष दिला नाहीं. जो खेळाडू ऑल ब्लॅक होऊं शकतो त्यानें ऑल ब्लॅक व्हावें, हें सामोअन घरांतही तेव्हां गृहीत धरलेलें होतें.

त्या संघासाठीं त्यानें एकोणीस अधिकृत सामने खेळले. १९९३ मध्यें ब्रिटन व आयर्लंड यांचा एकत्रित ‘लायन्स’ संघ न्यूझीलंडांत आला आणि दोन विरुद्ध एक अशी मालिका हरून गेला, त्या विजयांतही त्याचा वांटा होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ऑल ब्लॅक्स इंग्लंडला गेले. २७ नोव्हेंबर रोजीं ट्विकनम येथें इंग्लंडनें त्यांना १५ विरुद्ध ९ असें हरविलें. टुइगामालाचें काळ्या सदऱ्यांतलें युग या दौऱ्याबरोबर संपलें. १९९४ च्या आरंभीं त्यानें विगन या रग्बी लीग क्लबाशीं करार केला.

वय चोवीस. खेळ ऐन भरांत. दीड वर्षावर पुढचा विश्वचषक. अशा वेळीं हा निर्णय काय होता, हें नीट समजून घेतलें पाहिजे. ऑल ब्लॅक्ससाठीं खेळणाऱ्यास खेळाचा पगार मिळत नसे. पन्नास साठ हजार प्रेक्षक तिकिटें काढून ज्याला पाहावयास येत तो मनुष्य, कायद्याप्रमाणें, हौशी होता. उलट विगन कित्येक वर्षांचा करार आणि रोख पैसा घेऊन उभें. परंतु करारावर सही केली कीं परतीची वाट बंद; युनियनचा चेंडू पुन्हां हातीं घ्यावयाचा नाहीं, न्यूझीलंडसाठीं नाहीं आणि सामोआसाठींही नाहीं. एका बाजूस कीर्ति, दुसऱ्या बाजूस कुटुंबाची निश्चिंती, असा हा सौदा होता. त्यानें कुटुंबाच्या बाजूनें कौल दिला. त्यानंतर सुमारें वीस महिन्यांनीं तो कायदाच नाहींसा होणार होता. पण हें त्याला काय, कोणालाच ठाऊक नव्हतें. नंतरच्या शहाणपणानें आधींच्या निर्णयाची किंमत करणें योग्य नव्हे.

विगन हें लँकेशरमधील कोळशाचें आणि गिरण्यांचें गांव. खाणी बंद पडलेल्या, गिरण्या थंडावलेल्या, पण रग्बी लीगचा अभिमान जिवंत. क्लबाचें मैदान गांवाच्या मध्यभागीं, नांव सेंट्रल पार्क. १९८८ पासून दरवर्षीं चॅलेंज कप विगनकडेच होता. त्या संघांत मार्टिन ऑफाया, शॉन एडवर्ड्स, अँडी फॅरेल, जेसन रॉबिन्सन असे एकाहून एक गडी होते. नव्या खेळांत टुइगामालाला नव्यानें शिकावें लागलें. युनियनच्या विंगरला बराच वेळ चेंडूची वाट पाहत उभें राहावें लागतें. लीगमध्यें प्रत्येक पकडीनंतर दहा मीटर मागें पळावयाचें आणि पुन्हां पुढें यावयाचें, असा ऐंशी मिनिटें घाम गाळावा लागतो. एकशेंदहा किलोंचें ओझें घेऊन हें करणें सोपें नाहीं. तो तें शिकला. १९९४-९५ च्या हंगामांत विगननें त्या खेळांतलीं चारही मोठीं बक्षिसें जिंकलीं. १९९५ च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यांत, वेंब्ली येथें, लीड्सचा ३० विरुद्ध १० असा पराभव झाला. त्यांत दोन ट्राय रॉबिन्सनचे होते आणि एक टुइगामालाचा.

या रॉबिन्सनची हकीकत येथेंच सांगितली पाहिजे, कारण ती कोणत्याही बक्षिसाहून मोठी आहे. विशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण विलक्षण चपळ होता, आणि मैदानाबाहेर विलक्षण बेताल. हातीं पैसा आला, भोंवतीं स्तुतिपाठक जमले आणि दारूनें त्याला घेरलें. त्याच संघांत, त्याच खोलींत कपडे बदलणारा टुइगामाला त्याला दिसे : खेळ तोच, पैसा आणि प्रसिद्धि तीच, पण चित्त शांत, घर, मुलेंबाळें आणि ख्रिस्ती धर्मावरील निष्ठा यांत रमलेला. या माणसापाशीं जें आहे तें आपल्यापाशीं नाहीं, असें रॉबिन्सनला वाटूं लागलें. टुइगामालानें व्याख्यान झोडलें नाहीं. विचारलें तेव्हां सांगितलें. रॉबिन्सननें दारू सोडली आणि आयुष्य सांवरलें, आणि हें ऋण त्यानें पुढें जाहीरपणें कबूल केलें. हा रॉबिन्सनही नंतर लीगमधून युनियनमध्यें आला, आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत सिडने येथें इंग्लंडचा एकमेव ट्राय त्यानेंच केला.

१९९५ हें वर्ष दोन्ही खेळांच्या इतिहासांत उलथापालथीचें ठरलें. जून महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंत युनियनचा विश्वचषक झाला. टुइगामालाच्या रिकाम्या झालेल्या जागीं ऑल ब्लॅक्सनीं वीस वर्षांचा जोना लोमू उभा केला होता. त्यानें उपांत्य सामन्यांत इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले आणि तो एका दिवसांत जगद्विख्यात झाला. आपल्या जागेवरची ही कीर्ति टुइगामालानें विगनमध्यें बसून पाहिली असेल. ऑगस्टच्या अखेरीस पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाची बैठक भरली आणि युनियनमध्यें खेळाडूंना उघड उघड पैसे देण्यास मोकळीक झाली. हडर्सफील्डच्या त्या बैठकीस शंभर वर्षें पुरीं होण्यास दोनतीन दिवस उरले होते. सहा शिलिंगांसाठीं उभी केलेली भिंत टेलिव्हिजनच्या कोट्यवधि पौंडांपुढें टिकली नाहीं.

ऑक्टोबर १९९५ मध्यें लीगचाही विश्वचषक इंग्लंड-वेल्समध्यें झाला, आणि तेथें टुइगामालानें प्रथमच आपल्या जन्मभूमीचा सदरा घातला. पश्चिम सामोआनें फ्रान्सला ५६ विरुद्ध १० असें धुऊन काढलें, पण स्वान्सी येथें वेल्सकडून २२ विरुद्ध १० अशी हार खाल्ली आणि परत जावें लागलें. सामना अत्यंत कडव्या चुरशीचा झाला. बेटाच्या लोकांनीं तो पुष्कळ दिवस लक्षांत ठेवला.

भिंत पडली तेव्हां दोन्ही अंगणांतल्या लोकांना एकमेकांचा खेळ पाहण्याची उत्सुकता होती. युनियनमधला श्रेष्ठ क्लब बाथ आणि लीगमधला विगन यांचे दोन सामने मे १९९६ मध्यें ठरले. एक लीगच्या नियमांनीं, एक युनियनच्या. ८ मे रोजीं मँचेस्टर येथें विगननें ८२ विरुद्ध ६ असा विजय मिळविला. याला सामना म्हणणें कठीण. बाथच्या गड्यांची दमछाक पाहून प्रेक्षकांनाच अवघडल्यासारखें झालें असावें. तीन दिवसांनीं विगनचे गडी ट्विकनमच्या मिडलसेक्स सेव्हन्स या सात सात गड्यांच्या युनियन स्पर्धेंत उतरले आणि तीही जिंकून आले. ज्या मैदानावर लीगचें नांव काढणें पाप मानीत, तेथें विगनचे तांबडेपांढरे सदरे धांवले, आणि प्रेक्षकांनीं उभें राहून टाळ्या वाजविल्या. २५ मे रोजीं, तेथेंच, पंधरा गड्यांच्या सामन्यांत बाथनें ४४ विरुद्ध १९ असा बदला घेतला. रेटारेटींत विगनचे गडी अगदींच अजाण ठरले. त्यांच्यापैकीं ज्या थोड्यांना या खेळाचे बारकावे ठाऊक होते त्यांत टुइगामाला होता. अडीच वर्षांपूर्वीं याच मैदानावर तो ऑल ब्लॅक म्हणून उतरला होता.

मग त्याला परत बोलावणीं येऊं लागलीं. लीगचा हंगाम आतां उन्हाळ्यांत गेला होता, तेव्हां हिंवाळ्यापुरता तो लंडनच्या वॉस्प्स या युनियन क्लबाकडे गेला. तेथला मुक्काम थोडक्याचा. १९९७ च्या फेब्रुवारींत न्यूकॅसल या क्लबानें त्याला विगनकडून कायमचा घेतला. या बदलीची एकंदर रक्कम दहा लक्ष पौंडांच्या घरांत गेल्याचा त्या वेळीं फार बोभाटा झाला. रग्बीच्या जगांत असा आंकडा पूर्वीं ऐकलेला नव्हता. न्यूकॅसलमागें सर जॉन हॉल यांचा पैसा होता आणि रॉब अँड्र्यू यांच्या हातीं संघाची सूत्रें होतीं. हा संघ तेव्हां दुसऱ्या वर्गांत खेळत होता. त्याच वर्षीं तो पहिल्या वर्गांत चढला, आणि पहिल्या वर्गांतल्या पहिल्याच हंगामांत, म्हणजे १९९७-९८ मध्यें, त्यानें इंग्लंडचें अजिंक्यपद जिंकलें. लीग आणि युनियन या दोन्ही खेळांत इंग्लंडमधील सर्वोच्च क्लबपद टुइगामालानें असें मिळविलें.

न्यूकॅसलच्या त्या संघांत जॉनी विल्किन्सन नांवाचा अठरा वर्षांचा एक अबोल मुलगा नुकताच दाखल झाला होता. मधल्या फळींत त्याला ज्यांच्या शेजारीं खेळावयास मिळालें त्यांत टुइगामाला होता. प्रतिपक्षाचे दोन दोन गडी ज्याला धरावयास धांवतात असा सोबती शेजारीं असला म्हणजे नवशिक्यास थोडी मोकळीक मिळते. २००३ च्या त्याच अंतिम सामन्यांत शेवटच्या मिनिटाला चेंडू लाथाडून इंग्लंडला विश्वचषक मिळवून दिला तो या विल्किन्सननें. एका सामोअन माणसाच्या सांवलींत कांहीं काळ वाढलेले दोन इंग्रज त्या रात्रीं इंग्लंडचे नायक झाले. इंग्लंडांत ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं.

युनियनमध्यें परत येतांच टुइगामालापुढें दुसरा एक दरवाजा उघडा होता. त्या काळच्या नियमांप्रमाणें एका देशाकडून खेळलेला खेळाडू जन्म अगर रक्तसंबंध असल्यास दुसऱ्या देशाकडूनही खेळूं शकत असे. १९९६ पासून तो सामोआच्या निळ्या सदऱ्यांत खेळूं लागला. या संघाचे मार्गदर्शक होते ब्रायन विल्यम्स. तेही सामोअन वंशाचे, तेही माजी ऑल ब्लॅक. १९७० मध्यें वर्णद्वेषाच्या राज्यांत, दक्षिण आफ्रिकेंत, त्यांना ‘मानद गोरे’ असें लेबल लावून प्रवेश देण्यांत आला होता. कर्णधार होता पॅट लॅम, न्यूकॅसलमधला टुइगामालाचा सोबती. आणि स्टीफन बेशपसारखा काळ्या सदऱ्यांतून आलेला आणखी एक गडी होता. दुसऱ्यांच्या घरीं चाकरीस गेलेले मुलगे सुट्टीस घरीं यावे, तसा हा संघ जमला होता.

१४ ऑक्टोबर १९९९ रोजीं कार्डिफच्या नव्या कोऱ्या मिलेनियम स्टेडियममध्यें विश्वचषकाच्या साखळींत सामोआची गांठ वेल्सशीं पडली. वेल्सनें ग्रॅहम हेन्री यांच्या मार्गदर्शनाखालीं ओळीनें दहा सामने जिंकले होते. राष्ट्राच्या आशा गगनास भिडल्या होत्या. आणि सामोआनें नुकताच अर्जेंटिनाकडून मार खाल्लेला. सामन्यांत वेल्सच्या नील जेंकिन्सनें आंतरराष्ट्रीय गुणसंख्येचा जागतिक विक्रम मोडला, तेव्हां सारें स्टेडियम गाऊं लागलें. पण वेल्सच्या हातून निसटलेला चेंडू दर वेळीं सामोआच्या हातीं सांपडे. लॅमनें विरुद्ध गड्यांमधला चेंडू मध्यल्यामध्यें उचलला आणि तो थेट धांवत सुटला. त्याच्या मागें धांवणाऱ्यांनीं आशा सोडून दिली. अंतीं गुणफलक राहिला सामोआ ३८, वेल्स ३१. आठ वर्षांपूर्वींच्या त्या विजयाच्या वेळीं टुइगामाला दुसऱ्या तंबूंत होता. या वेळीं तो आपल्यांत होता. सामोआची धांव पुढें एडिंबरा येथें स्कॉटलंडनें ३५ विरुद्ध २० अशी थोपविली. खेळाडूंची संख्या भरपूर पण साधनें तुटपुंजीं, हें त्या देशाचें दुखणें एका विजयानें बरें होणारें नव्हतें.

तो दरवाजा फार दिवस उघडा राहिला नाहीं. २००० सालापासून नियम असा झाला कीं, एकदां एका देशाच्या मुख्य संघाकडून खेळलेल्या माणसानें पुन्हां दुसऱ्या देशाचें नांव घ्यावयाचें नाहीं. उद्देश चांगला होता. कांहीं देशांनीं आज्यापणज्यांचे खोटेनाटे दाखले जोडून खेळाडू आपलेसे केले होते, आणि त्याला आळा घालणें जरूर होतें. परंतु त्याचा फटका बसला तो मुख्यतः सामोआ, टोंगा आणि फिजी यांना. ऑल ब्लॅक्सनीं एकदोन सामन्यांपुरता बोलावून नंतर सोडून दिलेला बेटावरचा मुलगा आतां कोणाच्याच उपयोगी पडेना. टुइगामाला स्वतः जुन्या नियमांखालीं येत असल्यामुळें २००१ पर्यंत खेळला. सामोआसाठीं त्यानें तेवीस अधिकृत सामने खेळले; म्हणजे काळ्या सदऱ्यापेक्षां निळा सदरा चार वेळां अधिक अंगांत घातला.

खेळ सोडल्यावर तो ऑकलंडला परतला आणि त्यानें जो धंदा पत्करला तो ऐकून पुष्कळांस नवल वाटलें. त्यानें अंत्यविधींची व्यवस्था पाहणारी पेढी काढली. सामोअन समाजांत मयत ही एका घराची गोष्ट नसते. दूरदूरचे नातलग येतात. बारीक विणीच्या चटया, अन्न आणि पैसा यांची देवघेव होते. धर्मगुरु, गांवचे मुख्य, सर्वांचा मान राखावा लागतो, आणि यांत घरें कर्जांत बुडतात. दुःखांत असलेल्या माणसांशीं त्यांच्या भाषेंत बोलणारा, त्यांच्या रीती जाणणारा मनुष्य तेथें हवा होता. २००८ मध्यें न्यूझीलंड सरकारनें त्याला ऑर्डर ऑफ मेरिटचा किताब दिला. मात्र धंद्यानें त्याला हात दिला नाहीं. पेढी बुडाली, त्याचें स्वतःचें दिवाळें निघालें, आणि २०१३ मध्यें त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यांतून तो सांवरला, पुन्हां कामाला लागला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजीं वाइगा टुइगामाला वारला. वय बावन्न. न्यूझीलंड, सामोआ, विगन आणि न्यूकॅसल अशा चार ठिकाणीं त्याच्यासाठीं शोक झाला.

त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून तो जुना दरवाजा पुन्हां किलकिला करण्यांत आला होता. तीन वर्षें आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिलेल्या खेळाडूला आपल्या, आपल्या आईबापांच्या किंवा आजीआजोबांच्या जन्मभूमीसाठीं एकवार देश बदलण्याची परवानगी मिळाली. २०२३ च्या विश्वचषकांत, फ्रान्समध्यें, लिमा सोपोआगा आणि स्टीव्हन लुआटुआ हे दोघे माजी ऑल ब्लॅक्स सामोआच्या निळ्या सदऱ्यांत दिसले. ७ ऑक्टोबर रोजीं लील शहरांत सामोआ आणि इंग्लंड समोरासमोर आले. अखेरच्या कांहीं मिनिटांपर्यंत सामोआ पुढें होता. इंग्लंड जिंकलें, १८ विरुद्ध १७.